पंप तयार होता, निवृत्ती

काल तुझ्या तेराव्याला मी पोटभर जेवलो, निवृत्ती. तुझ्या थोरल्या भावानं शेजारी बसवून घेतलं, "अरविंदशेठ, लाजता काय" असं म्हणत दोन लाडू जादा वाढायला लावले, आणि मी ते खाल्लेही. घरी आलो आणि मोरीत सगळं ओकलो. बायको म्हणाली, उन्हातून आलात, पित्त झालं असेल. पित्त कसलं डोंबलाचं! मला माझीच शिसारी आली होती.

पंगत बसायच्या आधी तुझ्या अंगणात मांडवाखाली जो तो माझं कौतुक करत होता. "ह्यांनी कितीदा सांगितलं असेल त्याला, तोंडानं डिझेल ओढू नको म्हणून." "अहो, ऐकला असता तर तो निवृत्ती कसला!" मी आपला चेहरा पाडून मान हलवत होतो. मग तुझा संदीप आला. भादरलेलं डोकं, लाल डोळे. माझ्या पाया पडला आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "काका, माझ्या त्या डब्यानं पंप बिघडला, म्हणूनच झालं ना हे?"

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "नाही रे" एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कशामुळं? आणि त्याचं उत्तर माझ्या दुकानात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात होतं. तुझा पंप. काम पुरं करून, तपासून, पुसून ठेवलेला. तू ज्या सकाळी बॅरलची नळी तोंडात धरलीस, त्या सकाळी तो तयार होऊन नऊ दिवस झाले होते.

त्या मांडवात हे एकट्या मला ठाऊक होतं. आता तुला सांगतोय, कारण तुला उलटून बोलता येत नाही. भित्र्या माणसाला याहून सोयीचा श्रोता कुठं मिळणार?

पण आधी तुझ्यावरचा राग काढून घेतो. तोही कमी नाही. पोरगा सॉफ्टवेअर कंपनीत, स्वतःचा ट्रॅक्टर, दारात पाण्याचा नळ, आणि हा बाप्या सकाळी उठून बॅरलमध्ये नळी घालून लहान मुलानं सरबत ओढावं तसं डिझेल ओढत बसतो! आयटीआयच्या पहिल्या वर्षापासून आपण एकत्र. तू वर्षभरातच सोडून शेतावर गेलास, मी वडिलांच्या दुकानात गाड्यांच्या वायरींत अडकलो. तेव्हापासून तीस वर्षं तुझा तो प्रकार बघत आलो. गालाला खड्डे पडेपर्यंत ओढायचं, धार ओठाशी आली की अंगठा लावायचा आणि नळी टाकीत सोडायची. वारज्यात ज्याच्याकडे म्हणून ट्रॅक्टर होता तो हेच करायचा. चुकून तोंडात गेलंच तर थुंकायचं, गुळाचा खडा चघळायचा आणि कामाला लागायचं. त्यात तुम्हाला मर्दुमकी वाटायची. "आपल्या तोंडात थेंब जात न्हाई" असं छाती काढून सांगायचास, आणि माझ्या डब्यातली पोळी खाताना तुला डिझेलची ढेकर यायची. मला मळमळून यायचं. तुला एकदाही स्पष्ट सांगितलं नाही की मी उरलेला डबा त्या दिवशी टाकून देत असे.

संदीप मात्र नुसता मळमळत बसला नाही. कंपनीनं त्याला तीन महिने अमेरिकेला धाडलं. बरोबरची पोरं येताना सेंटच्या बाटल्या आणि कॅमेरे घेऊन आली. ह्यानं शेतीच्या सामानाचं दुकान शोधून काढलं आणि बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून पंप आणला. मोठ्या नारळाएवढा, लाल आणि काळी अशा दोन वायरी, टोकांना क्लिपा. बारा व्होल्टच्या बॅटरीला क्लिपा लावायच्या, बटण दाबायचं, बॅरलमधलं डिझेल आपोआप टाकीत. तू तो काखोटीला मारून आळीभर फिरलास. मग मला दाखवायला गुलटेकडीला दुकानात आलास, तेव्हा तुझे डोळे भरलेले होते. "धूळ गेली रं," म्हणालास. मार्केट यार्डाच्या रस्त्याला धुळीचा तोटा नाही, म्हणून मीही हो म्हटलं.

पुढं काय झालं ते तुला आठवत असेलच. पंपाला वीज कुठून द्यायची, हा एवढासा प्रश्न. तू क्लिपा लावल्यास थेट ट्रॅक्टरच्याच बॅटरीला. ती बॅटरी आधीच म्हातारी झालेली, त्यात येईल-जाईल त्याला तू पंप चालवून दाखवलास. टाकी भरली आणि बॅटरी बसली. विटांनी भरलेली ट्रॉली मागं लावलेली, हिंजवडीच्या साइटवर मुकादम वाट बघतोय, आणि सेल्फ नुसता कण्हतोय. ट्रॉली सोडून सहा जणांनी ट्रॅक्टर ढकलला. तू मोबाईलवरून मला शिव्या घातल्यास, जसा काही तो पंप मीच बनवला होता. कॉलचे दर उतरल्यापासून तुला फोनवर शिव्या द्यायची चटकच लागली होती. मी म्हटलं, पंपाला वेगळी बॅटरी ठेव, जुनी असली तरी चालेल. तू म्हणालास, "बघू."

आणि मग संदीपनं तो डबा आणला. त्यांच्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर भंगारात निघाले होते. त्यातला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा. एका बाजूनं घरची लाईट आत, दुसऱ्या बाजूनं पिवळ्या वायरीतून बारा व्होल्ट बाहेर. पोराचं काही चुकलं नव्हतं, डोकं चालवलं होतं त्यानं. पंप जोडला की टक् आवाज व्हायचा, अर्धा गरका घेऊन बंद. पुन्हा लावला, पुन्हा टक्.

त्या शनिवारी तुम्ही बापलेक पंप आणि डबा घेऊन माझ्याकडे आलात. दुकानात चार टेम्पोवाले उभे होते. संदीपनं अगदी नीट विचारलं, "काका, ट्वेल्व्ह व्होल्ट म्हणजे ट्वेल्व्ह व्होल्टच ना? मग पंप फॉल्टी असेल का?" मला दोन वाक्यांत सांगता आलं असतं. बाबा रे, व्होल्ट बरोबर आहेत, पण सुरू होताना ही मोटर जेवढा करंट मागते तेवढा तुझ्या डब्यातून निघत नाही, म्हणून डबा स्वतःला वाचवायला बंद पडतो. संपलं.

मी काय म्हणालो? "इंजिनियर साहेब, पंपाला व्हायरस लागला असेल, फॉर्मॅट मारून बघा!" टेम्पोवाले हसले. त्यांना हसताना बघून मला आणखी चेव आला. म्हटलं, "घरची लाईट डिझेलच्या बॅरलपाशी नेतोस? बापाला मारायचा विचार आहे का?"

हे माझे शब्द. जसेच्या तसे. पोराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि तो डबा उचलून बाहेर जाऊन उभा राहिला. बॅरलपाशी घरची लाईट नेऊ नये हे खरंच आहे, तिथं मी चुकलो नव्हतो. पण मला त्याला वाचवायचं नव्हतं रे, मला त्याला उतरवायचं होतं. तीस वर्षं डायनामो आणि सेल्फ दुरुस्त करणाऱ्या माणसाला कालचं पोर व्होल्ट शिकवतंय, हे मला सहन झालं नाही. नव्या गाड्यांना माझी गरज उरली नव्हती, आणि त्याचं उट्टं मी तुझ्या मुलावर काढलं. किती हलका माणूस मी!

तू ओरडला नाहीस. ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू म्हणालास, "माझ्या पोराला हसू नगंस, अरव्या. त्यानं बापासाठी सातासमुद्रापल्याडनं वस्तू आणली. तू बस हॉर्न जोडत."

मग मी जे केलं ते शिवी देण्यापेक्षा वाईट होतं. मी पावतीपुस्तक काढलं. तुझं नाव लिहिलं, आडनावासकट. 'पंप एक, जोडणी करणे.' पावती फाडून काउंटरवरून पुढं सरकवली. तीस वर्षांत मी तुला कधी पावती दिली नव्हती, निवृत्ती. तुझा माल यायचा, व्हायचा आणि जायचा. आमच्या पावतीच्या मागं वडिलांच्या वेळेपासून एक शिक्का आहे: 'काम झाल्यावर कळविले जाणार नाही. गिऱ्हाइकाने स्वतः येऊन चौकशी करावी.' तू तो वाचलास. माझ्याकडे पाहिलंस. पावतीची घडी घालून वरच्या खिशात ठेवलीस आणि गेलास.

काम मी दोन दिवसांत केलं. आणि काय केलं म्हणून सांगू! ट्रकची एक जुनी बॅटरी होती, तिच्यात अजून जीव होता. ती लाकडी खोक्यात बसवली, उचलायला दोरीचे कान लावले. चार मीटर जाड वायर, मध्ये फ्यूज, आणि बटण बॅरलपासून लांब, बॅटरीच्या खोक्यावर. क्लिपा काढून टाकल्या. त्यांच्या जागी एकाच बाजूनं बसेल अशी पिन लावली, म्हणजे तू घाईत लाल-काळ्याची अदलाबदल केली असतीस तरी काही बिघडलं नसतं. बॅरलपासून ट्रॅक्टरच्या लोखंडाला जोडायला वेगळी तार दिली, ठिणगी पडू नये म्हणून. दोन डबे घेऊन पंप चालवून पाहिला, धार अशी सरळ आणि गार पडली की मी एकटाच हसलो. बऱ्याच दिवसांत एवढं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं. आणि ते कुणासाठी केलं हेही मला पक्कं माहीत होतं.

मग ते कपाटात ठेवलं आणि तुझी वाट बघत बसलो.

फोन काउंटरवर होता. तुझा नंबर पाठ होता. पण मी का करू? नियम म्हणजे नियम. त्यानं यावं, हसून म्हणावं, चुकलं बाबा माझं, मग मी खोका काढीन, त्याच्यासमोर चालवून दाखवीन, आणि आपण चहा मागवू. असं सगळं मी मनात रचून ठेवलं होतं. चौथ्या की पाचव्या दिवशी तू रिकामी ट्रॉली घेऊन दुकानासमोरून गेलास. मी तुझ्या ट्रॅक्टरचा आवाज लांबून ओळखला आणि काउंटरखाली वाकून काहीतरी शोधायला लागलो. काय शोधत होतो ते मला आजही सांगता येणार नाही. पन्नाशीला आलेला माणूस मी, काउंटरखाली लपून बसलो होतो. थू!

दहाव्या दिवशी सकाळी तुला ठसका लागला. धार ओठाशी आली आणि तुझा अंगठा चुकला. घोटभर डिझेल छातीत गेलं. दोन दिवस तू खोकत आल्याचा काढा पीत राहिलास, तिसऱ्या दिवशी वहिनींनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पोटात गेलं असतं तर निभावलं असतं, फुप्फुसात गेलंय. मला कळलं तसा मी आलो. तोंडावर तो मास्क, छाती भात्यासारखी वरखाली. मला बघून तू हात उचललास, मास्क बाजूला करायला लागलास. तुला काहीतरी सांगायचं होतं.

मी तुझा हात धरून खाली ठेवला आणि म्हटलं, "बोलू नकोस, त्रास होईल."

बाहेर सगळे म्हणाले, किती काळजी आहे मित्राची. काळजी कसली, मला भीती वाटली की तू पंपाचं विचारशील. माणूस मरायला टेकलाय आणि मी त्याचं तोंड बंद केलं, स्वतःची अब्रू वाचवायला. तुझं शेवटचं वाक्य काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही. कदाचित नुसतं पाणी मागायचं असेल.

आता तुला बरं वाटेल असं काही सांगतो. म्हणजे बरं नाही, पण तू हसशील. चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' तुझा फोटो चपातीएवढा, आणि खाली शोक करणाऱ्या बारा जणांचे फोटो परातीएवढे, गॉगल लावून. त्यातल्या दोघांना तू जन्मात नमस्कार केला नव्हतास. तेराव्याला एक बिल्डरचा माणूस आला होता, मांडवात बसून त्याची नजर सारखी तुझ्या अंगणाच्या हद्दीवर फिरत होती. शिसारी आली मला सगळ्यांची. पण मग वाटलं, हे लोक निदान उघड तरी आहेत. त्यांच्या कपाटात काही लपवलेलं नाही.

आणि एक राहिलंच. माझे वडील गेले तेव्हा नातेवाईक यायच्या आत तू ट्रॉली घेऊन दारात उभा होतास, लाकडं भरून. न सांगता. तेव्हा आभार मानले नव्हते, कारण आपल्यात तसं कधी नव्हतं. आज मानतो. त्या वेळी मी फोन केला नव्हता तरी तू आलास, हे मला आज इतकं टोचतंय की काय सांगू.

इथवर लिहिलं आणि उठलो. पुढचं परत आल्यावर लिहितोय.

रिक्षात खोका घातला, पंप मांडीवर घेतला आणि वारज्याला गेलो. वहिनी अंगणात मांडवाच्या दोऱ्या सोडत होत्या. मी खोका खाली ठेवला आणि बसायच्या आतच सगळं सांगितलं. शनिवार, पावती, नऊ दिवस, दवाखान्यातला हात. काही गाळलं नाही. त्या दोरी गुंडाळत राहिल्या.

"मी रोज म्हणत होते ह्यांना, जा, घिऊन या," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, त्यानं मला पावती दिली. परक्याला देत्यात तशी. त्यानं बोलावल्याबिगर पाय ठेवायचा न्हाई म्हणायचे."

मी म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं."

"तुमचं बी चुकलं आन् ह्यांचं बी. दोघं मिळून तुम्ही माझं वाटोळं केलं, भाऊजी." आवाज चढला नाही त्यांचा. "आता मला काय सांगताय? पोरगं माडीवर बसलंय. सकाळपासून चहासुदिक घेतला न्हाई. रात्रंदिस एकच, मीच मारलं बाबांना. त्याला जाऊन सांगा. मी सांगणार न्हाई, तुमचं तुम्ही सांगा."

वर गेलो. संदीप बंद कॉम्प्युटरसमोर पाय वर घेऊन बसला होता. मी उभ्यानंच बोललो. सगळं झाल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो तुझ्या मुलालाच सुचावा असा. "मग डबा का चालत नव्हता?"

मी त्याला ती दोन वाक्यं सांगितली. व्होल्ट बरोबर होते, करंट कमी पडत होता. डबाही चांगला, पंपही चांगला, नुसती जोडी जमत नव्हती. त्या शनिवारी सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. आजही तेवढंच लागलं.

"म्हणजे माझं काही..."

"तुझं काही चुकलं नव्हतं, संदीप. माझं चुकलं."

"आणि पंप तयार होता."

"हो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तुझेच डोळे आहेत रे त्याचे. म्हणाला, "काका, मी काल विचारलं होतं तुम्हाला."

तू असतास तर काहीतरी शिवी हासडून विषय संपवला असतास आणि दोन दिवसांनी विसरलाही असतास. हा विसरणार नाही. आणि त्यानं विसरू नये.

तो उठला, माझ्या बाजूनं जिना उतरून खाली गेला. चुलीपाशी बसलेल्या आईला म्हणाला, "भाकरी दे." वहिनींनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, घाईघाईनं ताट घेतलं, वाढलं, आणि दुसऱ्या भाकरीला पिठाचा गोळा हातात घेतला. मी दारात चपला घालत होतो. तो खाली मान घालून भाकरी कुस्करून खात होता, मोठमोठे घास. तुझ्या घरात मला कुणी बस म्हटलं नाही.